खाणीच्या छताचा आधार

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत आज कोळशाची एकही खाण नाहीं. येथील बहुतेक भूमि काळ्या अग्निजन्य खडकाची. आणि कोळसा मिळतो तो त्याहून कितीतरी प्राचीन अशा गोंडवन थरांत. तरीही नांदेडचा या उद्योगाशीं एके काळीं प्रत्यक्ष संबंध आला होता. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां आदिलाबाद जिल्ह्यांतील राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यास जोडण्यांत आला, व १९५९ सालीं तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांत गेला. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशासाठीं प्रसिद्ध असलेलें सास्ती हें गांव याच तालुक्यांतलें. भूमिगत खाणींत उतरणाऱ्या मजुराच्या जीविताचा पहिला प्रश्न असतो तो डोक्यावरील छताचा.

मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांत राहिलेल्यांस छताचा भार म्हणजे काय, हें सांगावयास नको. वर मातीचा जाड थर, त्याखालीं तुळया, त्यांखालीं खांब. तुळई वांकली कीं तिला धिरा द्यावयाचा. खाणींतही तसाच धिरा देतात, परंतु दोहोंत मोठा भेद आहे. शंभर मीटर खोलीवर छताच्या दर चौरस मीटरावर सुमारें २५० टन खडक असतो. तो कोणत्याही लाकडास पेलावयाचा नाहीं. तो भार वाहतात ते खोदतांना मुद्दाम राखलेले कोळशाचेच प्रचंड स्तंभ. धिऱ्यानें सांवरावयाचा तो छताचा सर्वांत खालचा, सुटूं पाहणारा थर. मात्र एक मीटर जाडीच्या थराचा चौरस मीटरभर तुकडा दोन टनांहून अधिक भरतो, आणि माणसाचा घात होण्यास तेवढा पुरे.

पूर्वीं हें काम लांकडी धिऱ्यांवरच असे. परंतु छत खालीं येऊं लागल्यावांचून धिरा खरा भार घेत नाहीं. शिवाय तो वाट अडवितो. म्हणून गेल्या कांहीं दशकांत बव्हंशीं पोलादी बोल्ट आले. छतांत साधारण दीड मीटर खोल भोंक पाडून त्यांत सिमेंटच्या किंवा राळेच्या कांड्या सारतात, मग सळई आंत बसवून तोंडाशीं चकती लावून नट आवळतात. पोथीचीं सुटीं पानें हातावर धरलीं तर लवतात. तींच फळ्यांमध्यें आवळून बांधलीं तर ताठ राहतात. बोल्टाचें कार्य तेंच. थर एकत्र शिवून तो छतासच स्वतःचा भार वाहावयास लावतो.

किती बोल्ट घालावे हें ठरविण्यासाठीं भारतीय खाणींत छतास १०० पैकीं गुण देतात: थरांच्या जाडीस ३०, चिरा-भेगांस २५, हवापाण्यानें झिजण्यास २०, खडकाच्या बळास १५ व पाझरास १०. परंतु योजना कितीही नेटकी असो, सारी मदार बसविण्यावर आहे. भोंक वाजवीपेक्षां रुंद झालें, त्यांतील भुकटी निघाली नाहीं, कांड्या कमी पडल्या, तर बाहेरून चकती जागच्या जागीं दिसते आणि आंत पकड नसते. म्हणून कांहीं बोल्ट यंत्रानें ओढून पारखावे लागतात. विलंबही तितकाच घातक. सुरुंगानंतर उघडे पडलेले थर विलग होऊं लागतात, आणि एकदां पडलेली फट मिटविणें कठीण.

सर्वांत बिकट स्थिति आधार बसविणाऱ्याची. ज्या छतास अजून आधार नाहीं, त्याच्याजवळ प्रथम त्यालाच जावें लागतें. म्हणून त्यानें आधाराखालीं उभें राहून लांब सळईनें छत ठोकून पाहावें. आवाज पोकळ आला तर सुटे दगड आधीं पाडावे. नंतर तात्पुरते धिरे उभारून एकेक रांग पुढें सरकावें. आधाराची शिस्तबद्ध नियमावली व्यवस्थापकानें आंखून द्यावी, असा दंडक १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत होता आणि २०१७ च्या विनियमांतही आहे.

मात्र जेथें दिवसाचें काम केवळ टनांत मोजलें जातें, तेथें धिऱ्यास दिलेली घटका वायां गेल्यासारखी वाटते. आधार बसविणें हा कामांतील खोळंबा नसून कामाचाच पहिला भाग आहे, हें पाळीच्या हिशेबांत उतरलें पाहिजे. तोंवर उत्तम पोलादही मजुराचें रक्षण अर्धेंच करील.