गांवच्या कागदांची पेटी
(शेतकरी बंधूंपुढें झालेलें भाषण)



मेक्सिको देशांत मोरेलोस नांवाचा प्रांत आहे. तेथल्या आनेनेकुइल्को या खेड्यांत १८७९ सालीं एमिलिआनो सापाता जन्मला. घरीं थोडी जमीन होती, थोडीं गुरें होतीं. घोडा फिरविण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या प्रांतांत ऊंस फार. साखर कारखान्यांचे मालक उंसासाठीं खेड्यांची शीव रेटीत पुढें येत. गायरान गेलें, पाणी गेलें. कालचा धनी आज आपल्याच शेतांत मजूर झाला. कोर्टांत जावें तर तेथेंहि मालकांचेंच वजन!

१९०९ च्या सप्टेंबरांत गांवच्या म्हाताऱ्या पंचांनीं सभा बोलाविली. मुकादमांना सुगावा लागूं नये म्हणून चर्चची घंटा वाजविली नाहीं, निरोप तोंडोतोंडीं फिरविला. पंचांनीं वयामुळें भार खालीं ठेवला व तीस वर्षांच्या सापाताला पुढारी निवडलें. गांवचें जुनें दप्तर त्याच्या हवालीं झालें. त्यांत स्पॅनिश अमलापासूनचीं खतें व नकाशे होते. कांहीं कागद नाहुआत्ल या मूळच्या लोकांच्या भाषेंत होते. ते त्यानें नीट समजून घेतले. कागद दाखवूनहि दाद लागेना, तेव्हां १९१० सालीं सुमारें ८० हत्यारबंद गडी घेऊन त्यानें वादाचीं शेतें ताब्यांत घेतलीं व गांवकऱ्यांस वांटून दिलीं.

पुढें राज्यक्रांति झाली. दिआसची हुकूमशाही पडली व मादेरो वर आला. जून १९११ मध्यें तो सापाताला म्हणाला, हत्यारें ठेवा, धीर धरा. सापातानें मादेरोच्या सोन्याच्या घड्याळाकडे बोट केलें व विचारलें, हें मीं बंदुकीच्या जोरावर काढून घेतलें आणि पुढें आपण दोघेहि हत्यारबंद भेटलों, तर तुम्ही तें परत मागाल कीं नाहीं? मादेरो म्हणाला, मागेन, वर भरपाईहि मागेन. आमच्या मोरेलोसांत नेमकें हेंच झालें आहे, असें सापातानें त्यास सांगितलें.

मादेरोकडून जमीन मिळेना. त्याच नोव्हेंबरांत सापातानें आयालाचा जाहीरनामा काढला: ज्या गांवांपाशीं खतें आहेत त्यांनीं लुबाडलेली जमीन लागलीच घ्यावी, बड्या जमीनदारांचा तिसरा हिस्सा मोबदला देऊन भूमिहीनांस द्यावा, जो आडवा येईल त्याचें सर्व जप्त व्हावें. १९१५ सालीं राजधानीच्या शेतकी शाळेचे तरुण मोजणीदार येऊन गांवोगांवच्या शिवा आखूं लागले.

१० एप्रिल १९१९ रोजीं चिनामेका येथें ग्वाहार्दो नांवाच्या सरकारी कर्नलानें फितुरीचें सोंग करून त्यास बोलाविलें व दगा देऊन गोळ्या घातल्या. परंतु १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमांत जमीनवाटपाचें तत्त्व आलेंच होतें. १९३४ ते १९४० या काळांत अध्यक्ष कार्देनास यांनीं सुमारें १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वांटली. १९९२ सालीं तें कलम बदललें व वाटप थांबलें. कायद्यानें दिलेलें कायद्यानेंच परत जातें, हेंहि ध्यानांत ठेवा.

सापाताच्या मागें त्याच्या गांवकऱ्यांनीं ती कागदांची पेटी जपली. बंधूंनो, आपल्या घरच्या पेटींत काय आहे? खत आहे, पण वाचतां येत नाहीं, अशी स्थिति असेल तर तें खत दुसऱ्याच्याच उपयोगाचें! मुलाला शाळेंत घाला, मुलीलाहि घाला, आणि पहिला धडा त्या कागदाचा वाचून घ्या.