वारा कुठून, वारा कुठे

नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, हे शाळकरी पोरही सांगेल. गोदावरी पूर्ववाहिनी, म्हणजे ती पूर्वेकडे जाते. वाऱ्याचं नाव तो येतो त्या दिशेवरून, नदीचं ती जाते त्या दिशेवरून. आपला यात घोटाळा होत नाही. संगणकाचा होतो.

समजा, कारखान्यात वायुगळती झाली. ढग कोणत्या वस्तीवर जाईल, हे काढून देणारी एक सेवा इंटरनेटवर आहे. तिला वाऱ्याची दिशा हवी. हवामानाची दुसरी सेवा सांगते, 270 अंश. पहिलीला 0 ते 360 मधला आकडा हवा, दुसरी तसाच देते. पत्रिका जुळली! पण हवामानशास्त्रात 270 म्हणजे पश्चिमेकडून आलेला वारा, आणि ढगाचं गणित लिहिणाऱ्यानं धरलाय पश्चिमेकडे जाणारा. नकाशा सुरेख उमटतो. पश्चिमेची वस्ती रिकामी होते, पूर्वेची झोपलेली राहते. चूक दाखवणारा संदेश कुठेही येत नाही, कारण संगणकाच्या लेखी चूक झालेलीच नाही.

अशा सेवांना हाक कशी मारायची, याचं मानक ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमनं 2007 साली प्रसिद्ध केलं. सेवा काय घेते, काय देते, कोणत्या स्वरूपात, हे त्यात कळतं. आकड्यामागचा अर्थ मात्र माणसानं वाचायच्या वर्णनातच राहतो.

तो अर्थ यंत्राला पडताळता येईल असा लिहिणं, म्हणजे ऑन्टॉलॉजी. शब्द तत्त्वज्ञानातला, काम हिशेबनिसाचं. 'वाऱ्याची दिशा' या एका खात्याची दोन खाती करायची: येण्याची आणि जाण्याची. दोन्हींत 180 अंशांचा फरक, हेही नोंदवायचं. मग यंत्र उलटं चालत येतं. धोक्याचा नकाशा हवा, त्याला जाण्याची दिशा लागते, हाताशी येण्याची आहे, तर मध्ये 180 मिळवणारी सेवा बसव. बेरीज 360 च्या वर गेली तर 360 वजा कर. वेग नॉटमध्ये असेल, तर मीटर प्रतिसेकंदात आणणारी आणखी एक. साखळी अशी जुळते.

नेमकी हवी तशी सेवा मिळाली नाही तर? 2007 मध्येच मिखाएल लुट्झ यांनी 'जिओइन्फर्मॅटिका' नियतकालिकात याची तर्कशास्त्रीय मांडणी केली. तिचा गाभा पीठगिरणीत समजतो. मला ज्वारीचं बारीक पीठ हवंय. कुठलंही धान्य घेणारी, पण बारीकच दळणारी गिरणी मला चालते. फक्त गहू घेणारी चालत नाही. ज्वारी घेऊन कधी बारीक, कधी भरड देणारीही नाही. बदली सेवा घेताना सैल चालेल, देताना नेमकीच हवी.

कागदावर हे देखणं आहे. माझ्या मते घोडं अडतं ते तर्कापाशी नाही, कंटाळ्यापाशी. सेवा लिहिणाऱ्याला ती चालली की पुरे असतं. 'दिशा म्हणजे कुठली दिशा' हे खुलासेवार लिहायला त्याला कोण सांगणार? आणि लिहायला बसलं की खाती वाढतच जातात. विमानतळांच्या लेखी हवामान-अहवालात वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. उतरणाऱ्या वैमानिकाला टॉवर तोच वारा तोंडी सांगतो, तो चुंबकीय उत्तरेपासून. मुंबईत हा फरक जेमतेम, वेलिंग्टनला वीस अंशांच्या वर. म्हणजे वारा कुठून येतो हे ठरल्यावरही, उत्तर कुठली, हे विचारायचं उरतंच.