मंडळाचे पाठबळ कोणास?

(ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वधू-वरांचा परिचय झाला, जमाखर्च वाचून मंजूर झाला. तिन्ही गोष्टी मंडळाच्या परंपरेस शोभतील अशाच झाल्या. आता भोजनाची वेळ जवळ आली असता आम्ही उभे राहिलो आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. आम्ही मॅट्रिक झालेले, फळ्यासमोर उभे राहून आयुष्य वेचलेले एक साधे शिक्षक आहोत. वक्तृत्व आम्हांपाशी नाही. परंतु एक मागणी आहे, आणि ती सभेपुढे ठेवल्यावाचून खाली बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आपल्या ज्ञातीत एक सोळा वर्षांची मुलगी आहे. तिच्या डाव्या हातास जन्मापासून पंजा नाही. तिचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण सभेने तिच्याविषयी हळहळावे, असा आमचा हेतू नाही. ती उत्तम धावते. शाळेच्या मैदानावर दोन्ही हात धडधाकट असलेल्या मुलींना तिने मागे टाकलेले आम्ही पाहिले आहे. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. बूट, बसभाडे, सकस अन्न आणि स्पर्धेच्या गावी जाण्यायेण्याचा खर्च, एवढ्यासाठी त्यांनी मंडळाकडे अर्ज केला. त्यावर 'पुढील बैठकीत विचार व्हावा' असा शेरा पडला. अशा पुढील बैठका आता तीन होऊन गेल्या. विलंबाबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. ज्या शंकांमुळे विलंब झाला त्यांचा मात्र येथे, सर्वांसमक्ष, विचार व्हावा.

पहिली शंका अशी की, आपला निधी विद्यार्थ्यांसाठी आहे, खेळाडूंसाठी नव्हे. दुसरी, खेळून पोट भरते काय? तिसरी, हे काम सरकारचे आहे. चौथी शंका कोणी मोठ्याने बोलत नाही. ती आम्ही शेवटी घेऊ.

या शंकांचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच सापडते. सुरगाणा तालुक्यात तोरणडोंगरी नावाचा आदिवासी पाडा आहे. दिलीप महादू गावित हा तेथला. लहानपणी झाडावरून पडल्याने त्यास उजवा हात गमवावा लागला. ज्या भागातील माणसे हंगाम आला की पोटासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात, त्या भागातील हा मुलगा. प्रशिक्षक वैजनाथ काळे यांनी त्याच्या पायांतील वेग हेरला, त्यास आपल्याजवळ नाशिकला ठेवून घेतले आणि घडविले. पुढे २८ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे, चौथ्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत, दिलीपने चारशे मीटर धावण्यात सुवर्णपदक मिळविले. वेळ होती ४९.४८ सेकंद, म्हणजे दर सेकंदास आठ मीटरांहून किंचित अधिक. त्या स्पर्धांतील भारताचे ते शंभरावे पदक होते. अखेरीस आपली पदके १११ झाली. परंतु शंभरावे पदक सुरगाण्याच्या मुलाने आणले, ही गोष्ट प्रत्येक नाशिककराने आपल्या मुलांस सांगावी अशी आहे.

कोणी म्हणेल, धावायचे तर पायांनी, हात नसला तर काय बिघडले? ज्याने मैदान पाहिले नाही त्यासच असे वाटेल. शर्यतीच्या प्रारंभी धावपटू दोन्ही हात जमिनीवर टेकून अंगाचा भार तोलतो. एक हात आखूड असला की त्याखाली आधाराचा ठोकळा ठेवावा लागतो, अन्यथा शरीर तिरपे राहते. धावू लागल्यावर हातांच्या झोक्याने पायांस तोल आणि लय मिळते. चारशे मीटर म्हणजे मैदानाची पूर्ण एक फेरी. तीत दोन वळणे येतात, आणि वळणावर हा तोल फार जपावा लागतो. ही उणीव सरावाने भरून काढावी लागते. म्हणून अशा खेळाडूस जाणता शिक्षक हवा आणि त्या शिक्षकापर्यंत रोज पोहोचण्यासाठी बसभाडे हवे. आपल्याकडे आलेला अर्ज नेमका त्याचाच आहे.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे, पण ती पुन्हा सांगण्याजोगी आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्रश्न पैशांचाच होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बंधूंनो, विजयानंतर बैलगाड्यांची मिरवणूक काढणे सोपे असते. विजयापूर्वी घर गहाण ठेवणे कठीण असते. पदक मिळाल्यावर सत्कार करण्यास आपले मंडळही मागे राहणार नाही, याची आम्हांस खात्री आहे. शाल आणि श्रीफळ यांची तरतूद अंदाजपत्रकात असतेच. आमची मागणी पदकापूर्वीची आहे.

तिसरे उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि कमरेखालचे बळ गमावून बसला. जखमी सैनिकांस खेळाने उभारी द्यावी ही कल्पना तेव्हा जगात रुजू लागली होती. १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या रोपाचा वृक्ष होऊन १९६० पासून पॅरालिंपिक स्पर्धा भरू लागल्या. पेटकर १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले; पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना परदेशी जाता यावे म्हणून क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी साह्य केले होते. मर्चंट मुंबईचे गुजराती गृहस्थ, पेटकर सांगलीकडचे मराठी. दोघांमध्ये ना नाते, ना ज्ञाती. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. सन्मानास सेहेचाळीस वर्षे लागली. साह्यास तेवढा विलंब लागला असता तर सन्मान करावयास काही उरलेच नसते.

आता शंकांकडे वळू. निधी विद्यार्थ्यांसाठी आहे हे खरे. पण मैदानावर घाम गाळणारी मुलगी विद्यार्थिनी नव्हे काय? शाळेत आमच्या हाताखालून अनेक मुले गेली. ज्याच्या अंगी ज्या मार्गाने तेज प्रकटते, त्या मार्गाने त्यास जाऊ देणे हेच शिक्षण, असे आम्ही मानीत आलो. गुणपत्रिकेवरील टक्के हा तेज मोजण्याचा एकच काटा नव्हे.

पोट भरेल काय, ही काळजी आईबापांची आहे आणि ती रास्त आहे. म्हणूनच तिने शिक्षण सोडू नये, अशी अट आम्ही घालू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाला. त्यात विकलांगतेचे एकवीस प्रकार मानले आहेत, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत आणि खेळांत भाग घेण्याची संधी देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. तेव्हा हे काम सरकारचे आहे हेही खरे. परंतु कायदा दारापर्यंत येतो. उंबरठा ओलांडून त्याचा हात धरण्यास माणूस लागतो. चाळीस टक्के विकलांगतेचा दाखला काढावयाचा तर कोणीतरी बापाबरोबर रुग्णालयात रांगेत उभे राहिले पाहिजे, कारण रोजंदारीच्या माणसाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. शिवाय केवळ दाखल्याने भागत नाही. स्पर्धेत कोणी कोणाशी धावावे हे ठरविण्यासाठी तज्ज्ञ खेळाडूस तपासतात आणि त्याचे वर्गीकरण करतात. त्यासाठी परगावी जावे लागते. ही कामे आपल्यातील निवृत्त मंडळी आनंदाने करू शकतील. पेन्शनरांस वेळ काढावा लागत नाही, तो घालवावा लागतो.

आता ती चौथी शंका. मुलगी वृत्तपत्रांत झळकली, मैदानावर चारचौघांनी तिचा हात पाहिला, तर तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार? भगिनींनो, आज सकाळी याच सभागृहात वधू-वर परिचय झाला. आपल्या कुटुंबात कोणी अपंग आहे असे एकाही पालकाने व्यासपीठावरून सांगितले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदविल्या गेल्या. त्या सर्व इतर ज्ञातींतच जन्मल्या आणि आपल्यात एकही नाही, असे कसे होईल? त्या आपल्याही घरांत आहेत. फक्त पाहुणे आले की आतल्या खोलीत आहेत. शासनाने 'अपंग' शब्द टाकून 'दिव्यांग' शब्द घेतला, हे ठीकच झाले. पण आतल्या खोलीचे दार शब्दाने उघडत नाही. या मुलीच्या आईने ते उघडले आहे. मंडळ तिच्या पाठीशी उभे राहिले तर तिच्या धाकट्या मुलीचे स्थळ मोडणाऱ्यास दहा वेळा विचार करावा लागेल. मंडळ मागे सरले तर त्याच्या हाती आपणच दाखला दिल्यासारखे होईल. ज्ञातिसंस्था लग्ने जमविण्यास समर्थ असेल, तर लग्नांवरील अशा भीतीचे निवारण करण्यासही ती समर्थ असली पाहिजे.

ती हरली तर? असाही प्रश्न एका सभासदांनी आम्हांस विचारला. दिलीप गावित २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचला आणि आठवा आला. साऱ्या जगातून आठवा! सुरगाण्याच्या पाड्यापासून त्या रेषेपर्यंतचे अंतर कोणत्या घड्याळाने मोजावे? आमची विनंती आहे की, साह्य पदकावर अवलंबून ठेवू नये.

यास्तव आमचा ठराव असा. साठ कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये द्यावेत. वर्षास बहात्तर हजार होतात. हे साह्य तीन वर्षे अखंड चालावे. हिशेब दर मेळाव्यात वाचला जावा. धनादेश देतानाचे छायाचित्र काढू नये. प्रवासात सोबत जाण्यासाठी दोन भगिनींनी नावे द्यावीत. आणि एक कलम अधिक: तीन वर्षांनंतर हा निधी नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही दिव्यांग खेळाडूस, त्याची ज्ञाती न विचारता, खुला व्हावा.

या शेवटच्या कलमाने काही कपाळांवर आठ्या पडल्या आहेत, त्या आम्हांस येथून दिसतात. परंतु छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांस आश्रय दिला, तो एकेका ज्ञातीने आपली दुबळी मुले उभी करून समाजाच्या हवाली करावी यासाठी. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवली आणि त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपणही सिंहस्थात गोदाकाठी आलेल्या यात्रेकरूस जेवू घालताना त्याची जात विचारीत नाही. घरापासून प्रारंभ करणे योग्य आहे. घरापाशीच थांबणे योग्य नाही.

अध्यक्ष महाराज, साठांपैकी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. पहिल्या वर्षाचे बाराशे रुपये आम्ही खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. आता एकोणसाठ नावे हवी आहेत. ठरावास कोणीतरी अनुमोदन द्यावे, आणि भोजनापूर्वी तो मतास टाकावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.