शेतकी शिक्षणाची ग्रँट कोणाच्या पदरात?

(कोलाड येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)



शेतकीचे शिक्षण व हातच्या धंद्याचे शिक्षण यांसाठी सरकारातून जी ग्रँट मिळते, तिच्याविषयी बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. ग्रँट म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हे साहेबलोकांचे व कारकुनांचे काम. आपल्याला त्यात काय कळते? पण ग्रँट म्हणजे दुसरे काय हो? खताची गोणी, पंपाचे तेल, अंगावरचे कापड, काड्याची पेटी, प्रत्येकावर आपण कर भरतो. तो पैसा तिजोरीत जमतो आणि त्यातला थोडाबहुत परत येतो, त्याचे नाव ग्रँट. ही भिक्षा नव्हे, ही आपली ठेव आहे. ठेवीचा हिशेब मागायला लाज कसली?

हा हिशेब आपल्या वतीने खडसावून मागितला तो जोतीराव फुल्यांनी. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील शेतकरी साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड भरीत असे, व त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याचा, आणि शाळेच्या बाकावर कुणब्याचे पोर क्वचित. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनापुढे जोतीरावांनी आपले निवेदन ठेवले. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण कसे पोसले जाते, ते त्यांनी त्यात उघड केले. आणि खेड्याच्या शाळेत मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतकीचे ज्ञान द्यावे, नमुन्याच्या शेतात प्रत्यक्ष काम शिकवावे, अशी मागणी केली. मास्तर कसा असावा हेही सांगितले. तो शेतकरी वर्गातला असावा, आणि वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये. आम्हा मास्तरांपैकी किती जण या कसोटीला उतरतील ते सभेतील मास्तरबंधूंनीच सांगावे. आम्हाला ट्रेनिंगच्या वर्गात नांगर भेटला तो फळ्यावर खडूने काढलेला!

आता कोणी म्हणेल, मास्तर, ही जुनी गोष्ट झाली. आज काय कमी आहे? खरे आहे. १९७२ साली दापोलीस कोकणचे कृषी विद्यापीठ झाले. कर्जतला भाताचे संशोधन चालते व तिथली बियाणी आपल्या खाचरात पिकतात. आणि आपल्याच रोहे तालुक्यात, किल्ला येथे, कृषी विज्ञान केंद्र आहे. त्याचा खर्च दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो. शेतकऱ्याच्या शेतावर प्रयोग करणे, नव्या रीतीची प्रात्यक्षिके करून दाखवणे, खेड्यातील तरुण मुलामुलींना धंदा शिकवणे, ही त्या केंद्राची नेमलेली कामे आहेत, मेहेरबानी नव्हे. आपल्यापैकी किती जण त्या फाटकाच्या आत गेले आहेत?

गादीवर आपला माणूस बसला की काम होते, अशीही एक समजूत आहे. विद्यापीठांना ग्रँट वाटणाऱ्या दिल्लीच्या आयोगाचे अध्यक्षपद १९५६ पासून काही वर्षे चिंतामणराव देशमुखांकडे होते, आणि त्यांचे रोह्याशी नाते सर्वांना ठाऊक आहे. मोठा विद्वान व निःस्पृह गृहस्थ. पण म्हणून रोह्याच्या खाचरात विद्या उतरली काय? माणूस कुठला, याने काही होत नाही. पैसा कोणत्या नियमाने वाटला जातो, तिथे सगळी मेख आहे.

ती मेख उलगडून सांगतो. डॉ. नारायण सावंत यांनी घालून दिलेली चारसूत्री भाताची रीत घ्या. राबात तुसाची राख मिसळावी. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडावा. आवणी दोरीने करावी, एक अंतर पंधरा सेंटिमीटरचे तर पुढचे पंचवीसचे. आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी बोटाने खोल खोचावी. गोळी पावणेतीन ग्रॅमचीसुद्धा नसते. फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते, खोचलेली गोळी मुळाशी राहते. यात न समजण्यासारखे काय आहे? काही नाही. पण ही विद्या चिखलात उभे राहून, दोरी हाती धरून शिकायची आहे, आणि ती जुलैत शिकायची आहे.

आणि वर्ग केव्हा भरतात? मार्चअखेर जवळ आली की! पैसे परत जाऊ नयेत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पंखे लावून, फलक टांगून भाताचे वर्ग होतात. बाहेर खाचर भेगाळलेले, आत पडद्यावर हिरवेगार भात. चहा होतो, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते, आणि वहीत तीस डोकी शिकली म्हणून नोंद होते.

ती तीस डोकी कोणाची? सात दिवसांचा वर्ग म्हणजे मजुरी करणाऱ्या घराची सात दिवसांची चूल. कातकरी वाडीवरचा गडी किंवा धाटावच्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारा पोरगा रोज बुडवून वर्गाला येईल कसा? मग येतो तो, ज्याला रिकामा वेळ आहे. जमीन त्याच्या नावे असते, पण चिखलात पाय दुसऱ्याचे असतात. ज्या आयाबहिणी दिवसभर वाकून आवणी लावतात, त्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून त्या शेतकरी नव्हेत! २०२५ च्या एप्रिलपासून तर राज्यात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला, आणि तो क्रमांक सातबाऱ्याला बांधलेला. लावणीचे शिक्षण लावणी करणारीला सोडून दिले, तर शिकवले कोणाला?

कारागीर बंधूंनो, तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सरकारने नीट केली आहे. तेही सांगितले पाहिजे. नुसती निंदा करणे हे आपले काम नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्राने विश्वकर्मा योजना काढली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, गवंडी, शिंपी, टोपल्या विणणारे, मासळीची जाळी करणारे, असे अठरा धंदे तिच्यात आहेत. शिकाऊला पाच-सात दिवसांच्या शिक्षणात रोजचे ५०० रुपये मिळतात, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. व्याज-कर्जाचे सोडा, कर्ज हे शेवटी कर्जच. पण रोजचे पाचशे, ही खरी शहाणपणाची गोष्ट आहे. शिकण्याचा दिवस हाही कामाचा दिवस, हे तत्त्व सरकारने तिथे कबूल केले. सुताराला कबूल केले, मग शेतमजुराला का नाही? शेतीच्या वर्गाला असा रोजमुरा बहुधा नसतो. माझे आजचे सारे सांगणे या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

पैसे शिकणाऱ्याच्या हातात न जाता शिकवणाऱ्या संस्थेला डोक्यांच्या हिशेबाने गेले, की काय होते? २०२५ च्या डिसेंबरात संसदेपुढे महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेचा तपास त्यात आहे. दोन टप्प्यांतल्या शिकाऊंपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक जणांच्या नावापुढे बँकेच्या खात्याचा रकाना कोरा वा शून्यांनी भरलेला निघाला. माझ्या हाताखालून गेलेल्या दोन मुलांनी अशाच एका संस्थेत नाव घातले होते. संस्थेचे नाव घेत नाही. अंगठा पहिल्या दिवशी, प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी. मध्ये काय शिकलात विचारले तर दोघे एकमेकांकडे पाहून हसले. आज एक जण ट्रकवर क्लीनर आहे. दुसरा बापाने विकलेल्या जमिनीवर शहरवाल्याच्या फार्महाऊसची बाग राखतो.

काही मंडळी म्हणतात, सरकारी पैसा नकोच, आपण आपल्या पायावर उभे राहू. कर्मवीर भाऊराव पाटलांइतके पायावर कोण उभे होते? १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. सातारच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि मुलांना कष्ट करून शिकायला लावले. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे सोने मोडले. तरीही त्यांनी ग्रँट घेतली, हक्काने घेतली. १९४८ साली त्यांची टीका झोंबली म्हणून मुंबई सरकारने ती बंद केली. तेव्हा लोक त्यांच्या मागे उभे राहिले, गाडगेबाबांनी शब्द टाकला, आणि ती पुन्हा सुरू झाली. ग्रँट घेणाऱ्याने मुकाट बसावे असा करार नाही, हे त्या प्रकरणाने ठरले. आपल्याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पड टाकून संप चालवला. आपल्याला तर एक अर्ज लिहायचा आहे.

भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेतून येते, डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडते आणि कालव्यांनी आपल्या शिवारात फिरते. ज्या मुळशीच्या पाण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, तेच हे पाणी. त्यावर उन्हाळी भाजीपाला कसा करावा, कलिंगडाला रोग पडला तर काय फवारावे, हे शिकणारी पोरे गावात हवी आहेत, आणि शिकवणारे किल्ल्यात बसलेले आहेत. मध्ये अंतर काही कोसांचेच.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. भाताची शेतीशाळा जून ते ऑक्टोबर, गावच्याच एका खाचरात, आठवड्यातून एक दिवस भरावी. बसणाऱ्यांत निम्म्या आवणी लावणाऱ्या बाया असाव्यात, सातबारा असो वा नसो. शिकाऊला विश्वकर्म्याप्रमाणे रोजमुरा मिळावा. गावातून कोणकोण शिकले, त्यांच्या नावांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लागावी. ठरावाची एक प्रत कृषी विज्ञान केंद्राला, एक तालुका कृषी अधिकाऱ्याला, एक आमदाराला द्यावी, आणि प्रत्येकीवर पोचेची सही घ्यावी. विश्वकर्मा योजनेच्या अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडेच असते. ज्या कारागिरांचे अर्ज तिथे अडले असतील त्यांनी त्याच सभेत उभे राहून सरपंचांना विचारावे.

मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो वाचून दाखवतो. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, पण मजकूर पुरता ऐकल्यावाचून देऊ नये.