बर्फ कमी, घसरण जास्त

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओजवळ बसल्या असाल. आज आम्ही तुमच्याशी बर्फाविषयी बोलणार आहोत. हसू नका. बर्फाच्या गोळ्याविषयी नाही, काश्मीरच्या डोंगरावरच्या बर्फाविषयी, आणि त्या बर्फावरून फळीवर उभं राहून उतरणाऱ्या आपल्या मुलींविषयी.

झालं असं, की आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या सात मुली गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला निघाल्या. गड चढणाऱ्या, भाताच्या खाचरात वाढलेल्या मुली. त्यांतल्या तिघींच्या आयांनी आपल्या बचत गटांतून प्रत्येकी पंधरा हजार रुपये कर्ज काढलं. घरच्यांची अट एकच होती, बरोबर कुणीतरी बायामाणसं पाहिजेत. म्हणून आम्ही दोघी समन्वयक पदरचे पैसे घालून त्यांच्याबरोबर गेलो. ही गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचावर आहे. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढावं, तेव्हा गुलमर्गची उंची येते. तिथून पाळण्यातून वर कोंगडोरीला जाता येतं आणि त्याच्याही वर अफरवतच्या डोंगरावर. फोटोत पाहिलं होतं, सगळीकडे पांढरंशुभ्र. आम्ही पोचलो तर काय, जागोजागी पिवळं गवत उघडं पडलेलं, मधेच दगड डोकावत होते, आणि जो बर्फ होता तो काचेसारखा कडक.

आम्ही राहिलो त्या घरातल्या चाचीनं आम्हाला समजावलं. त्यांच्याकडे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्याला चिल्ल-ए-कलान म्हणतात. या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, हळूहळू वितळतो, आणि उन्हाळ्यात झऱ्यांना, नाल्यांना पाणी देतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस चुकला की पेरणीचं गणित चुकतं, तसंच त्यांचं. पश्चिमेकडून येणारे पावसाळी-हिमाळी ढग वेळेवर आले नाहीत की बर्फ नाही. बर्फ नाही म्हणजे पर्यटक नाहीत, घोडेवाल्यांना काम नाही, घसरगाडी ओढणाऱ्यांना काम नाही, आणि पुढं उन्हाळ्यात शेताला पाणीही कमी. २०२४ च्या जानेवारीतही गुलमर्ग असंच कोरडं पडलं होतं. आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत बातमी ऐकली, की बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढं ढकलल्या. शेवटी त्या मार्चमध्ये झाल्या.

आता स्नोबोर्ड म्हणजे काय ते सांगतो. जेवायला बसायच्या पाटाची आठवण ठेवा. पाट लांब करा, साधारण आपल्या हनुवटीइतका. दोन्ही टोकं वर वळवा. त्यावर आडवं उभं राहायचं आणि दोन्ही पाय पट्ट्यांनी घट्ट बांधायचे. फळीच्या दोन्ही लांब बाजूंना पोलादी कड असते. एक आपल्या टाचेकडची, एक बोटांकडची. सगळं वळणं, सगळं थांबणं त्या कडांच्या जोरावर. मऊ बर्फात ती कड सहज रुतते. कडक बर्फावर ती रुतत नाही, खरवडत जाते, आणि माणूस घसरतं.

मग असा बर्फ होतो कसा? दिवसा ऊन लागलं की वरचा थर वितळतो, रात्री थंडीनं तो गोठतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. बर्फ मुळात कमी, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उरलासुरला भुगा खरवडून कडेला लोटलेला. मधे राहते ती नुसती लादी.

मुलींना शिकवणारे प्रशिक्षक तिथलेच, साठीच्या जवळपासचे. पहिल्या दिवशी त्यांनी मुलींना फळीवर चढूच दिलं नाही. नुसत्या बुटांनी त्या लादीवर चालायला लावलं. मग विचारलं, पाय कशानं सुटला? मुली म्हणाल्या, बर्फ निसरडा आहे. ते म्हणाले, बर्फ निसरडाच असणार. तू मागं का झुकलीस?

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. श्रावणात शेवाळलेल्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन आपण चालतो तेव्हा काय करतो? पाऊल लहान टाकतो, गुडघे सैल ठेवतो, अंगाचा भार पायांवर राहू देतो. आणि भीतीनं मागं झुकलं की? पाय पुढं आणि आपण चिखलात. फळीवरही तेच. उताराची भीती वाटते म्हणून माणूस डोंगराच्या बाजूला कलंडतं. कडेवरचा भार निघून जातो आणि फळी पायाखालून निसटते. गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखं, भार फळीच्या बरोबर वर ठेवला तर तीच कड धरून राहते.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती बर्फ वाचायची. चकाकणारा, करडा किंवा निळसर दिसतो तो कडक. मळकट पांढरा, चमक नसलेला असेल तर तिथं कड धरते. कानांनीही कळतं. फळीखाली खर्रर्र आवाज आला की समजायचं लादी आहे. अशा तुकड्यावर वळायचं नाही, एकदम थांबायला बघायचं नाही. वेग त्याच्या आधी कमी करायचा, ओल्या रस्त्यावर वळणाच्या आधी गाडीचा करतो तसा. तुकडा शांतपणे पार करायचा आणि पुढच्या पांढऱ्या बर्फावर वळायचं. उताराच्या कडेला खरवडलेला भुगा साचलेला असतो, तिथं उतरणं सोपं. पण फार कडेलाही जायचं नाही, कारण थर पातळ असला की खाली दगड असतात.

तिसरी गोष्ट धारेची. विळ्याला धार नसेल तर गवत कापताना आपण जास्त जोर लावतो आणि हात कापून घेतो. फळीचं तसंच आहे. भाड्याच्या फळ्या दगडांवर घासून बोथट झालेल्या असतात. प्रशिक्षकांनी नखावर कड हलकेच ओढून दाखवली. नखाचा किंचित कीस निघाला तर धार आहे, नाही निघाला तर कानशीनं धार लावून मागायची. मुली आधी लाजत होत्या. भाडं आपण देतोय, मागायला कसली लाज, असं आम्ही म्हटल्यावर मग मागू लागल्या.

आणि पडायचं कसं, हेही शिकवलं. पुढं पडलात तर गुडघे आणि कोपरापुढचा हात टेकवायचा, मुठी मिटलेल्या. मागं पडलात तर हनुवटी छातीला लावून खाली बसल्यासारखं पडायचं, हात मागं टेकवायचा नाही. नवशिक्यांची मनगटं मोडतात ती यामुळेच. डोक्याला हेल्मेट तर पाहिजेच. बसायच्या जागी मार लागू नये म्हणून आमच्यातल्या एकीनं जुन्या गोधडीचे तुकडे शिवून मुलींच्या विजारीत घालून दिले होते. त्यांचा उपयोग झाला.

इतकं सगळं शिकूनही जे व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी सकाळी नऊची वेळ. लादी अजून तशीच चकाकत होती. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक करड्या तुकड्यावर वळायला गेली, फळी निसटली आणि तिनं हात मागं टेकवला. उठली, कपडे झटकले, हसली. दुपारी पुन्हा फळीवर चढली. दुसऱ्या दिवशीही दिवसभर उतरत राहिली. रात्री जेवायला बसलो तेव्हा तिला उजव्या हातानं रोटी तुटेना. बाही वर केली तर मनगट सुजून टम्म झालेलं.

आम्ही विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "ताई, आईनं गटातून पैसे काढलेत. मी फळीवरून उतरले तर ते वाया जातील."

आणि आम्हा दोघींना आठवलं. येताना रेल्वेत आम्हीच सगळ्या मुलींना म्हणालो होतो, "पोरींनो, एकेक रुपया वसूल करून या." बोलताना आम्हाला ते कौतुकाचं वाटलं होतं. त्या पोरीनं ते मनावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला खाली दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा याच हातावर पडली असती तर हाड सरकलं असतं, मग ऑपरेशन करावं लागलं असतं. पाच आठवड्यांचं प्लास्टर घातलं. तिच्या आईला फोन आम्हीच केला. काय झालं ते सांगितलं, आणि रेल्वेत आम्ही काय बोललो होतो तेही सांगितलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जेवली का ती?"

उरलेले दिवस ती पोर उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसली. प्रशिक्षक तिला म्हणाले, पाय बांधून उतरणारे पुष्कळ असतात, बर्फ ओळखणारे थोडे. तू बघ आणि लिहून ठेव. तिनं डाव्या हातानं वहीत लिहिलं. सकाळी नऊ, चकाकी, खर्रर्र आवाज. साडेअकरा, उन्हाच्या बाजूचा वरचा थर मऊ. दोन, सगळ्यांत चांगला. साडेतीन, सावली आली, परत कडक. शेवटी शेवटी बाकीच्या मुली रोज सकाळी तिला विचारायच्या, आज कुठल्या बाजूनं उतरू? आपण गटात पंचसूत्रीतलं नोंदी ठेवण्याचं सूत्र पाठ करतो, ते त्या वहीत आम्हाला दिसलं.

शेवटच्या दिवशी चाचणी होती. वरून खालपर्यंत उतरून दाखवायचं. सहापैकी एका मुलीनं अर्ध्यावर फळी सोडली. आधी खाली बसली, पट्ट्या काढल्या आणि फळी पट्ट्यांची बाजू खाली करून बर्फात टेकवली. तशी टेकवली नाही तर फळी एकटीच सुसाट खाली जाते आणि कुणाला तरी लागते. मग फळी काखेत मारून, टाच रोवत रोवत कडेकडेनं चालत आली. रडवेली होती. प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. म्हणाले, हिला डोंगर पुढच्या वर्षीही दिसेल. त्या बोलण्याला वजन होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतवर हिमकडा कोसळून दोन परदेशी स्कीपटू गेले. कडक थरावर नवा बर्फ पडला की तो सहज सुटून घसरतो, म्हणून बर्फ पडला रे पडला की आखलेल्या वाटेबाहेर धावायचं नसतं, हेही त्यांनी मुलींना बजावलं.

गावी आलो. गटाची बैठक झाली. एका आजींनी सरळ विचारलं, "पोरगी हात मोडून आली, मग पैसे बुडाले म्हणायचे का?" प्रश्न रास्त होता, पैसे सगळ्यांचे होते. पोरीच्या आई म्हणाल्या, हप्ता चुकणार नाही. आम्ही उभं राहून सांगितलं, पैसे बुडाले नाहीत, पण पोरीचा हात कायमचा गेला असता, आणि त्यात आमच्या बोलण्याचा वाटा होता. चूक घसरण्यात नव्हती. दुखणं दोन दिवस लपवलं, तिथं धोका होता. आणि तिला लपवावंसं वाटलं, ते आमच्यामुळं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एक ताई हळूच म्हणाल्या, दोन महिने गटाचा हप्ता मी बाहेरच्या फायनान्सकडून उचलून भरतेय. शेळ्या मेल्या, सांगायची लाज वाटली. त्यांचं दुखणं आम्हाला त्या दिवशी कळलं. गटानं त्यांचे हप्ते लहान करून दिले, मुदत वाढवली. आणखी महिना गेला असता तर मात्र कठीण होतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावातली लेक उद्या बर्फावर जायला निघाली तर तिला अडवू नका. पाच गोष्टी सांगा. हेल्मेट आणि मनगटाचं कवच घातल्याशिवाय फळीवर चढू नको. फळीची धार नखावर बघ. सकाळच्या लादीवर घाई करू नको, ऊन लागू दे. मागं झुकू नको, भार पायांवर ठेव. आणि पाचवी, जी आम्ही सांगायला विसरलो, लागलं तर त्याच दिवशी सांग, आणि जमत नसेल तर फळी काढून चालत ये. आम्ही रागावणार नाही.

त्या पोरीचं प्लास्टर आता निघालंय. आईचे चार हप्ते फिटलेत. वही तिनं जपून ठेवली आहे. पुन्हा जाणार का, असं विचारलं तर म्हणते, जाईन, पण नऊ वाजता नाही, साडेअकराला उतरेन.

तुमच्या गटात कुणी काही मनात दाबून बसलं असेल, तर पुढच्या बैठकीत तिला आधी बोलू द्या. हप्त्याची वही त्यानंतर उघडा.