चंदन, सीमाशुल्क आणि नावांचा प्रश्न

एक झाड म्हणजे एक वस्तू, असे आपण व्यवहारात सहज धरून चालतो. सीमाशुल्काच्या दरपत्रकाला मात्र हे मान्य नाही. चंदनाचेच उदाहरण घ्या. त्याचा अखंड ओंडका दरपत्रकाच्या ४४ व्या प्रकरणात, म्हणजे लाकूड या सदरात, मोडतो. त्याच ओंडक्याचे बारीक तुकडे किंवा भुकटी केली, की ती १२ व्या प्रकरणात औषधी व सुगंधी वनस्पतींच्या पंक्तीला जाऊन बसते. तेल काढले तर ३३ वे प्रकरण, साबण केला तर ३४ वे, आणि औषध सिद्ध केले तर ३० वे. वृक्ष एक, घरे पाच. आणि प्रत्येक घराचे नियम निराळे.

हा केवळ कारकुनी कीस आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला बंगळूरचा इतिहास उत्तर देईल. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्षाचा मान दिला, तेव्हापासून म्हैसूर राज्याचे ते एक मोठे उत्पन्नाचे साधन होते. परंतु राज्य विकत होते ते लाकूड. त्यातील पुष्कळसे जर्मनीला जाई, तेथे त्याचे तेल निघे, आणि खरा नफा तेथेच राही. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, हा मार्ग खुंटला आणि म्हैसूरच्या वखारींतून चंदन पडून राहिले. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ह्या संकटातून वाट काढली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो व वॉटसन ह्या रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९१६ साली त्या नगरीत चंदनतेलाचे ऊर्ध्वपातन सुरू झाले, आणि १९१८ साली म्हैसूर सँडल साबण बाजारात आला. ४४ व्या प्रकरणातील माल ३३ व्यात व ३४ व्यात गेला, असे आजच्या परिभाषेत म्हणता येईल. कच्चा माल परदेशी पाठवून पक्का माल विकत घेणारा प्रदेश स्वतःच पक्का माल पाठवू लागला. वर्गीकरणाच्या दोन ओळींमधले अंतर हे पुष्कळदा एका उद्योगाएवढे असते.

आज जगातील बहुतेक देश जी वर्गवारी वापरतात, तिचा करार १९८३ साली ब्रुसेल्स येथे झाला व १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. तिच्यात पहिले सहा अंक सर्वांना समान असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे जोडतो. भारताचे दरपत्रक आठ अंकी आहे. औषधी व सुगंधी वनस्पतींचे मुख्य शीर्षक १२११ हे होय. सुगंधद्रव्ये, औषधे किंवा कीडनाशके ह्यांच्यासाठी मुख्यत्वे वापरल्या जाणाऱ्या वनस्पती व त्यांचे भाग त्यात येतात. मग ते ओले असोत वा वाळलेले, चिरलेले असोत वा कुटलेले.

ह्या वाक्यातील कळीचा शब्द आहे ‘मुख्यत्वे’. आजीच्या बटव्यात हळद व सुंठ ही औषधेच होती. पण दरपत्रकात ती मसाल्यांची, ९ व्या प्रकरणातली. उलट पुदिना, तुळस आणि ज्येष्ठमध ह्यांना प्रकरणाच्या टीपेत नावे घेऊन १२११ मध्ये बसविले आहे. हिंग व गुग्गुळ हे झाडाचे निर्यास म्हणून १३ व्या प्रकरणात जातात. शीर्षकाचे शब्द आणि टीपा काय सांगतात ते येथे प्रमाण. आपल्या घरची समजूत नव्हे.

ह्याहून बिकट प्रश्न नावांचा आहे. पावतीवर ‘रास्ना’ असे लिहिले, तर नेमके काय समजावे? बंगालमध्ये रास्ना म्हणून एक आमरी वापरतात, उत्तरेत एका झुडपाची पाने, तर दक्षिणेत कुलिंजनाचा कंद. ‘ब्राह्मी’ ह्या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती नांदतात. अशोकाच्या सालीच्या नावाने रस्त्याकडेच्या उंच, सरळ आसुपालवाची साल खपविली जाते, हेही जाणकारांना ठाऊक आहे. देशी नाव हे आपले सांस्कृतिक धन खरे. परंतु बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे ते एकटे उभे राहू शकत नाही. त्याच्याजोडीला शास्त्रीय द्विनाम, वनस्पतीचा भाग, तिची अवस्था आणि उपयोग ह्या चार गोष्टी लिहिल्या, तर निम्मे तंटे मिटतील.

चुकीच्या क्रमांकाने शुल्क कमीअधिक होते, एवढेच नुकसान नाही. संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात हिमालयातील कुष्ठ, आपली सर्पगंधा आणि आंध्रातील रक्तचंदन ह्यांचा समावेश आहे. त्यांच्या वाहतुकीला परवाने लागतात, आणि परवाना मागायचा की नाही हे मालाचे नाव व क्रमांक ह्यांवरून ठरते. रक्तचंदन दुसऱ्याच मालाच्या नावाने देशाबाहेर काढण्याचे प्रयत्न वारंवार उघडकीस आले आहेत. खोटे नाव हेच तेथे चोरीचे हत्यार असते.

शिवाय दरपत्रकात ‘इतर’ नावाची एक ओळ असते. जिला स्वतंत्र स्थान नाही ती वनस्पती तेथे जमा होते, आणि मग ती वर्षाकाठी किती गेली हे कोणालाच कळत नाही. सह्याद्रीतील नरक्याची आठवण येथे होते. कर्करोगावरील औषधांना उपयोगी असे कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य त्यात असल्याचे १९७२ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे कोकण व घाटमाथ्यावरून हे झाड मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. त्याचे तुकडे पाहणाऱ्याला जळाऊ लाकडासारखे दिसतात. पण औषधासाठी मुख्यत्वे वापरले जाणारे लाकडाचे तुकडे ४४ व्या प्रकरणातून वगळलेले आहेत. ते सरपण म्हणून नोंदले गेले किंवा ‘इतर’ मध्ये मिसळले, तर झाड जाते आणि मागे आकडाही उरत नाही. जे मोजले जात नाही ते राखलेही जात नाही.

ह्यावर उपाय नाही असे नव्हे. जागतिक वर्गवारीत २०१७ साली एफेड्रा ह्या वनस्पतीला व २०२२ साली आफ्रिकी चेरीच्या सालीला स्वतंत्र स्थान मिळाले. पहिलीतील द्रव्यापासून मादक पदार्थ बनवितात, दुसरीच्या सालीसाठी रानेच्या राने सोलली गेली. दोहोंच्या व्यापारावर डोळा ठेवणे अगत्याचे ठरले, म्हणून त्यांना ओळ मिळाली. भारताच्या दरपत्रकातही इसबगोल, सोनामुखी, चिराईत, सर्पगंधा, चंदनाची भुकटी ह्यांना आपापली ओळ आहे. ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी ती मागण्याचा हक्क आपला आहे. पण मागणीमागे अभ्यास हवा. बंगळूरला लाकूडशास्त्राची संस्था आहे, आणि लोकस्वास्थ्य परंपरांसाठी १९९३ साली स्थापन झालेल्या तेथल्या प्रतिष्ठानाकडे औषधी वनस्पतींचे नमुने जतन केलेले आहेत. असे नमुने ज्या नगरीत आहेत, तेथे शंकास्पद मालाची ओळख पटविणे अशक्य नाही.

कर्नाटकात २००१ पासून शेतकरी आपल्या जमिनीतील चंदनाचा मालक झाला आहे. अनेक मराठी शेतकरीही आता चंदन लावीत आहेत. गाभा धरावयास वर्षानुवर्षे लागतात. तोवर त्यांनी एवढे जाणून ठेवावे की, कच्च्या ओंडक्याला निर्यातीचे दार बंद आहे, आणि तेलासारख्या पक्क्या मालाला ते अटींवर उघडे आहे. १९१६ साली बंगळूरने जो धडा घेतला, तोच ह्या नियमात आहे. झाड लावणाऱ्याने रोपाबरोबरच त्याचे खरे नाव आणि त्याच्या मालाचे घर ह्यांचीही चौकशी आजच करावी. ओंडका तयार झाल्यावर ती करू म्हणणाऱ्याच्या पदरी सुगंध दुसऱ्याचा आणि भुसा आपला, एवढेच पडावयाचे.