तारामती ते ‘वागले की दुनिया’ : दुर्गा खोटे यांची कारकीर्द

दुर्गा खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. वडील पांडुरंगराव लाड सॉलिसिटर होते आणि घराणे मूळ गोव्याकडचे, सुखवस्तू, माणसांनी भरलेले. कॅथीड्रल हायस्कूल आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज असे शिक्षण त्या काळच्या फार थोड्या मराठी मुलींच्या वाट्याला आले. लग्नाने त्या खोटे कुटुंबात गेल्या. तेही श्रीमंत घर. दीर नंदू खोटे नट होते. शुभा खोटे आणि विजू खोटे ही त्यांचीच मुले. पण सासरचे वैभव टिकले नाही. पंचविशीतच, बकुळ आणि हरीन या दोन लहान मुलांसह, दुर्गाबाईंना मिळकतीचा मार्ग शोधावा लागला. त्यांच्या चित्रपटप्रवेशाला हौसेचे कारण जोडले जाते, ते बरोबर नाही. कारण गरज हेच होते.

पहिला चित्रपट ‘फरेबी जाल’ (१९३१), दिग्दर्शक मोहन भवनानी. भूमिका अगदी छोटी आणि चित्रपट सुमार. घरंदाज बाईने असल्या चित्रपटात तोंड दाखवले याची नाचक्की मात्र मोठी झाली. गोष्ट तिथेच संपायची, पण प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’साठी विचारले.

तारामतीच्या या भूमिकेचे मोल कळायला १९ वर्षे मागे जावे लागते. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती करायला बाई मिळाली नव्हती, ती भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहातल्या नोकराने लुगडे नेसून केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या, तरीही शिकल्यासवरलेल्या पांढरपेशा घरातली बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहणे पुढेही दुर्मीळच राहिले. १९३२ मध्ये तीच तारामती दुर्गा खोटे यांनी उभी केली, तीही पहिल्या मराठी बोलपटात. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित होत. पार्श्वगायन नव्हते, त्यामुळे ज्याचे गाणे त्यानेच कॅमेऱ्यासमोर गायचे. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संगीतातला जाणकार होता. त्यांच्या शेजारी उभे राहून नवख्या बाईने स्वतः गायचे, हे धाडसच. चित्रपट चालला, आणि कालपर्यंत नाके मुरडणाऱ्यांना त्यात एक खानदानी राणी दिसू लागली. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. तिच्याजवळ पाळीव चित्ता वावरतो. या बाईला पडद्यावर दीनवाणे दाखवणे अवघड आहे, हे शांतारामांनी लवकर ओळखले होते.

यानंतरचा निर्णय त्यांच्या भूमिकांपेक्षाही महत्त्वाचा मानावा लागेल. त्या काळी कलावंत कंपनीचे पगारी नोकर असत. दरमहा वेतन, करार, आणि मालक सांगेल ती भूमिका. दुर्गाबाईंनी हा शिरस्ता मोडला. त्या कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्ससाठी देबकी बोस यांचा ‘राजरानी मीरा’ (१९३३) केला, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी त्यांचाच ‘सीता’ (१९३४). ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मग पुन्हा प्रभात, पुढे प्रकाश पिक्चर्स. एका कंपनीला बांधून न घेता चित्रपटागणिक काम घेणाऱ्या अगदी पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. ‘साथी’ (१९३७) या चित्रपटाच्या निर्मितीतही त्या उतरल्या.

प्रभातच्या ‘अमर ज्योती’मध्ये (१९३६) त्यांची सौदामिनी आली. राजसत्तेने मुलापासून तोडलेली ही आई जहाज घेऊन समुद्रावर चाचेगिरी करते. आंग्रे यांच्या आरमाराच्या कथा ऐकत वाढलेल्या कुलाब्याच्या, म्हणजे अलिबागकडच्या, किनाऱ्याला दर्यावरची लढाई नवी नव्हती. गलबतावर बाई हुकूम सोडते, हे मात्र नवे होते. हा चित्रपटही व्हेनिसला गेला.

चाळिशीकडे झुकताना बहुतेक नायिका मागे पडतात. दुर्गाबाईंचे उलटे झाले. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१, हिंदीत ‘चरणों की दासी’) मधली खाष्ट सासू आणि विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मधली (१९४२) कैकेयी या भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले. आठ वर्षांपूर्वीच्या सीतेने कैकेयी करावी आणि त्यात उणेपणा मानू नये, ही व्यावसायिक दृष्टी आजच्या तारकांतही सहज सापडत नाही. ‘सीता’मधले राम पृथ्वीराज कपूर होते. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) तीच जोडी अकबर आणि जोधाबाई म्हणून समोर आली. नवरा आणि मुलगा यांच्यात चिरडली जाणारी जोधाबाई दुर्गाबाईंनी आवाज फारसा न चढवता रंगवली. त्यांच्या आईच्या भूमिकांत हीच सर्वांत उजवी ठरावी. पुढच्या ‘बॉबी’, ‘अभिमान’, ‘कर्ज’ या चित्रपटांतली कामे नेटकी आहेत, एवढेच म्हणता येईल. ‘बिदाई’साठी (१९७४) मात्र फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) या पहिल्या कथापटात शशी कपूर यांची आई म्हणून त्या आहेत.

चित्रपट चालू असताना मराठी रंगभूमीही सुटली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्यांची आनंदीबाई गाजली, शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्येही त्या होत्या. मोठ्या पडद्यावरची राजस्त्री इथे पुन्हा भेटते, फक्त या खेपेला ती कारस्थानी आहे. नाट्यदिग्दर्शक विजया मेहता या त्यांचा मुलगा हरीन यांच्या पत्नी. हरीन यांचा अकाली मृत्यू झाला. त्यानंतर विजयाबाईंनी दुसरे लग्न केले.

पडद्यामागचा उद्योग १९५० नंतर आकाराला आला. लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट करणारी त्यांची संस्था पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ म्हणून ओळखली गेली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव यांचा वागळे. महिन्याचा पगार पुरवता पुरवता मेटाकुटीला येणारा मुंबईचा कारकून घरोघरी पाहिला गेला. मालिका हिंदी, आडनाव मराठी आणि निर्मिती राण्यांच्या भूमिका करून मोठ्या झालेल्या बाईची.

उत्तरायुष्यात त्यांनी अलिबागला घर केले. त्या काळी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावर लाँच धरायची, रेवसला उतरायचे आणि एसटीने अलिबाग गाठायचे. पावसाळ्यात लाँच बंद पडली की रस्त्याचा लांबचा वळसा. चित्रपटधंद्याच्या गजबजाटापासून एवढे अंतर पुरेसे होते.  सिनेमावाल्यांनी अलिबागेत बंगले बांधण्याची लाट पुष्कळ नंतरची.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५८) आणि पद्मश्री (१९६८) यांनंतर १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्यांना तारामती करायला बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा सन्मान. ‘मी दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र १९८२ चे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शांता गोखले यांनी केलेला आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.